टोळ्यांचा गोळीबार थांबवायला सरकार पैसे देतं, ते जातात कुठे?

शिकागोच्या उपनगरात राहणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: इथे बंदुकीचा हिंसाचार कमी करण्यासाठी राज्य आणि केंद्र सरकार कोट्यवधी डॉलर देतं. त्यातून तुरुंगात जाऊन आलेल्या माणसांना पगार मिळतो, काही शहरांत तर टोळीतल्या पोरांना दरमहा भत्ताही मिळतो. आमच्या कराचा हा पैसा सरळ पोलिसांना का देत नाहीत? त्याने खून खरंच कमी होतात का? आणि २०२५ मध्ये केंद्राने ही अनुदानं रद्द केली, त्याने काय बिघडलं?

मी या क्षेत्रात बरीच वर्षं काम करते आहे. अनुदानाचे अर्ज तपासणाऱ्यांच्या बाजूला बसले आहे आणि छोट्या संस्थांचे हिशेब लावून देणाऱ्यांच्या बाजूलाही. माझं मत आधीच सांगून टाकते: पैसा किती मंजूर झाला हा आकडा फार काही सांगत नाही. तो नेमक्या माणसांपर्यंत पोचला का आणि मध्येच न तुटता टिकला का, हे बघायचं असतं.

नेमकी माणसं म्हणजे कोण, हे आधी बघू. १९९० च्या दशकात बॉस्टनमध्ये तरुण मुलांचे खून फार वाढले होते. हार्वर्डचे डेव्हिड केनेडी आणि त्यांचे सहकारी पोलिसांबरोबर बसले आणि प्रत्येक खुनामागे कोण, कोणाशी भांडण, कोणत्या गल्लीतलं, याची यादी करू लागले. हाती आलं ते असं: शहरात साधारण ६१ टोळ्या आणि त्यांत जेमतेम १,३०० पोरं. शहरातल्या त्या वयाच्या मुलांच्या एक टक्काही नाहीत, पण तरुणांच्या खुनांपैकी निदान ६० टक्के त्यांच्याशी जोडलेले. मग १९९६ मध्ये 'ऑपरेशन सीझफायर' सुरू झालं. या पोरांना बोलावून समोरासमोर सांगायचं की गोळी चालली तर अख्ख्या टोळीवर कारवाई होईल, आणि बाहेर पडायचं असेल तर नोकरी, शिक्षण, व्यसनमुक्ती यांसाठी ही माणसं इथेच बसली आहेत. बोलणाऱ्यांत पोलीस होते, सरकारी वकील होते, पाद्री होते आणि रस्त्यावर काम करणारे कार्यकर्तेही होते. नंतरच्या मूल्यमापनात तरुणांच्या खुनांत ६३ टक्के घट दिसली. तेव्हापासून या क्षेत्रात एक गोष्ट पक्की झाली आहे. शाळाशाळांतून 'हिंसा वाईट' अशी भाषणं देण्यात पैसा घातला तर तो ज्यांच्या हातून कधीच गोळी चालणार नव्हती अशा हजारो मुलांवर पसरतो, आणि ज्या दोन-पाचशे जणांसाठी तो हवा होता ते त्या सभागृहात नसतातच.

टोळी म्हटलं की आपल्या मराठी माणसांच्या डोळ्यांसमोर नव्वदीची मुंबई येते. दुबईहून येणारा फोन, बिल्डरकडून खंडणी, सुपारी, वर भाई आणि खाली शूटर. १९९९ चा मोक्का कायदा त्याच रचनेचा विचार करून केला होता, कारण त्या रचनेला डोकं होतं आणि पैशाचा माग काढता येत होता. शिकागोतही एके काळी तसंच होतं. पण गँगस्टर डिसायपल्सचा म्होरक्या लॅरी हूवर याच्यासारख्यांना १९९७ च्या सुमारास केंद्रीय खटल्यांत शिक्षा झाल्या, आणि पुढे रॉबर्ट टेलर होम्ससारख्या प्रचंड सरकारी चाळी पाडल्या गेल्या. तिथली कुटुंबं शहरभर विखुरली. आता उरल्या आहेत त्या दोन-तीन गल्ल्यांच्या टोळक्या. त्यांना हुकूम देणारं वर कोणी नाही. इन्स्टाग्रामवर कोणीतरी मेलेल्या मित्राची टिंगल केली, त्यातून गोळी चालते. मग त्या गोळीचा बदला, आणि बदल्याचा बदला. धंद्यापेक्षा अपमान आणि भीती ही कारणं जास्त. 'त्याने मला आधी गाठलं तर?' या भीतीपोटी कमरेला बंदूक लावून फिरणारी पोरं मी खूप पाहिली आहेत. अशा वेळी म्होरक्याला पकडून प्रश्न सुटत नाही, कारण म्होरक्याच नसतो.

मग इथे तुरुंगातून सुटून आलेला माणूस कामाचा का ठरतो? कारण त्याचा फोन उचलला जातो. गॅरी स्लटकिन हे साथरोगतज्ज्ञ. जागतिक आरोग्य संघटनेसाठी आफ्रिकेत क्षय, कॉलरा, एड्सवर काम करून ते शिकागोला परतले, आणि गोळीबार एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत साथीसारखाच पसरतो असं त्यांनी मांडलं. २००० साली वेस्ट गारफील्ड पार्क या वस्तीत त्यांचा 'सीझफायर' कार्यक्रम सुरू झाला. तो बॉस्टनच्या कार्यक्रमाहून वेगळा. आज तो 'क्यूर व्हायोलन्स' म्हणून ओळखला जातो. साथीत जसे त्याच वस्तीतले आरोग्यसेवक घरोघर जातात, तसे इथे त्याच वस्तीतले 'इंटरप्टर', म्हणजे भांडणात मध्ये पडणारे मध्यस्थ. चाळिशी-पन्नाशीचा, पंधरा वर्षं तुरुंगात काढून आलेला माणूस रात्री अकरा वाजता रुग्णालयाच्या आवारात उभा असतो. आत कोणाच्या तरी भावाला गोळी लागलेली असते आणि बाहेर पाच मित्र गाडीत बसून निघण्याच्या बेतात असतात. तो त्यांच्याशी बोलत बोलत तास दोन तास काढतो. कधी एखाद्याला मावशीकडे दुसऱ्या गावी सोडून येतो, कधी दोन रात्रींसाठी मोटेलमध्ये ठेवतो. माझ्यासारखी पदवीधर बाई किंवा गणवेशातला पोलीस तिथे उभा राहून काही उपयोग नाही. या कामाला जिवाचा धोकाही आहे. बाल्टिमोरच्या 'सेफ स्ट्रीट्स' या याच धर्तीच्या कार्यक्रमातले तीन कार्यकर्ते जानेवारी २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात गोळीबारात मारले गेले. 'गुन्हेगारांना पगार' असं कोणी म्हणालं की मला ती माणसं आठवतात आणि राग येतो.

उपयोग होतो का, याचं प्रामाणिक उत्तर: नीट केलं तर होतो, पण सगळीकडे आणि आपोआप होत नाही. शिकागोतल्या 'रेडी' कार्यक्रमाची चाचणी औषधांची घेतात तशी झाली. सुमारे २,४५० पुरुषांची चिठ्ठी टाकून दोन गटांत विभागणी केली आणि एका गटाला अठरा महिने पगारी काम, मनावर ताबा ठेवण्याचं प्रशिक्षण आणि मार्गदर्शकाची सोबत दिली. या पुरुषांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांना आधीच कधीतरी गोळी लागून गेलेली होती. कार्यक्रम नेमक्या माणसांपर्यंत पोचला होता, हे त्यावरून कळतं. गंभीर हिंसेच्या एकत्रित मोजमापात ठाम फरक सिद्ध झाला नाही. पण गोळीबार आणि खून यांसाठी होणाऱ्या अटका मात्र ६५ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि रस्त्यावरच्या कार्यकर्त्यांनी ज्यांची नावं सुचवली होती त्यांच्यात परिणाम सर्वांत जास्त दिसला. संगणकाने निवडलेल्यांपेक्षा त्या कार्यकर्त्यांची निवड सरस ठरली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

भत्त्याची गोष्ट कॅलिफोर्नियातल्या रिचमंडची. छोटं शहर, २००७ मध्ये ४७ खून. त्या वर्षी पालिकेने वस्ती-सुरक्षेसाठी स्वतंत्र खातं काढलं, डेव्होन बोगन त्याचे प्रमुख झाले. पुढे २०१० पासून, ज्यांच्या हातून गोळी चालण्याची शक्यता सर्वांत जास्त अशा मोजक्या तरुणांना दीड वर्षाची फेलोशिप देऊ लागले. रोजची गाठभेट, आयुष्याचा लेखी आराखडा, शहराबाहेरचे प्रवास, आणि सहा महिने आराखडा पाळला तर महिन्याला जास्तीत जास्त हजार डॉलर भत्ता. तुम्हाला खटकणारा हा भत्ता कराच्या पैशातून जात नव्हता, त्यासाठी खासगी देणग्या घेतल्या होत्या. करातून जात होते ते कर्मचाऱ्यांचे पगार. २०१४ मध्ये तिथे ११ खून झाले. २०१९ च्या एका अभ्यासात बंदुकीने झालेले मृत्यू आणि जखमा ५५ टक्क्यांनी कमी दिसल्या, मात्र बंदुकीविना होणारी मारहाण थोडी वाढलेली दिसली. दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात.

'पोलिसांना का नाही' याचंही उत्तर देते. पोलिसांना पैसा मिळतोच, आणि या कार्यक्रमांच्या कैकपट मिळतो. अडचण अशी की गोळी खाऊन वाचलेला माणूस बहुतेकदा साक्ष देत नाही. २०१६ मध्ये शिकागोत जीव न गेलेल्या गोळीबारांपैकी साधारण वीसातला एक उलगडला होता. उरलेल्या एकोणीसांचा हिशेब वस्ती स्वतः चुकता करते, आणि तो चुकता होण्याआधीच्या दोन दिवसांत मध्यस्थाला काम करायचं असतं. चांगल्या पोलीस तपासाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. बॉस्टनच्या, आणि तीच उचललेल्या कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या पद्धतीत पोलीस आत होतेच. ओकलंडमध्ये त्या पद्धतीने बंदुकीचे खून सुमारे ३१ टक्क्यांनी घटले असं २०१९ च्या मूल्यमापनात आलं.

आता पैसा. मला खरं तर यावरच बोलायचं होतं.

केंद्राकडून येणारा पैसा अनेक नळांनी येतो. २०२१ च्या कोविड-मदत कायद्याने राज्यांना आणि पालिकांना ३५,००० कोटी डॉलर दिले आणि त्यातून हिंसा-प्रतिबंधावर खर्च करायला मुभा दिली. अनेक शहरांनी आपली खाती त्याच पैशावर उभी केली. २५ जून २०२२ ला सही झालेल्या बंदूक-सुरक्षा कायद्यात या कामासाठी पाच वर्षांत मिळून २५ कोटी डॉलर ठेवले, आणि ते न्याय विभागामार्फत वाटले जाऊ लागले. इलिनॉय राज्याने २०२१ मध्ये स्वतःचा कायदा करून २५ कोटी डॉलरची तीन वर्षांची योजना आखली. शिवाय १९८४ पासूनचा गुन्हेपीडितांचा निधी आहे, जो केंद्रीय गुन्हेगारांकडून वसूल केलेल्या दंडातून भरतो.

ऐकायला हे भरपूर वाटतं. पण बहुतेक अनुदान 'आधी खर्च करा, मग बिल लावा' या तत्त्वावर चालतं. माझ्या ओळखीच्या एका संस्थेत आठ कार्यकर्ते, एक संचालक आणि अर्धवेळ हिशेबनीस. अनुदान मंजूर झालं तेव्हा नगरसेवकाबरोबर फोटो निघाले. करारावर सह्या व्हायला पाच महिने गेले. पहिल्या महिन्याचं बिल लावलं, त्यात पगारपत्रकं, हजेरीपत्रकं, गाडीचे मैल आणि पावत्या. मोटेलच्या पावतीवर 'पाहुण्याचं नाव जोडा' असा शेरा मारून सगळं बिलच परत आलं. संस्था ते नाव लिहू शकत नव्हती. अमुक मुलगा अमुक रात्री लपवला होता हे एकदा कागदावर आलं की उद्या कोर्टाच्या समन्सने ते बाहेर येऊ शकतं, आणि मग त्या गल्लीत कोणीही या माणसांशी बोलणार नाही. शेवटी नावाऐवजी क्रमांक आणि संचालकाची सही यावर मार्ग निघाला, पण त्यात सात आठवडे गेले. तेवढे दिवस शुक्रवारचे पगार संचालकांनी स्वतःच्या घरावर कर्ज काढून केले. मोठ्या विद्यापीठाला किंवा रुग्णालयाला असला उशीर जाणवतही नाही. म्हणून पैसा हळूहळू मोठ्यांकडे सरकतो आणि वस्तीतली संस्था त्यांची उपकंत्राटदार होते.

घाईने वाटलेल्या पैशाचाही अनुभव इलिनॉयला आहे, आणि टीका करणाऱ्यांचं बोलणं मी उडवून लावत नाही ते त्यामुळेच. २०१० मध्ये तेव्हाचे गव्हर्नर पॅट क्विन यांनी निवडणुकीच्या तोंडावर शिकागोतल्या वस्त्यांसाठी हिंसा-प्रतिबंध योजना आणली. ५ कोटी ४५ लाख डॉलर. राज्याच्या महालेखापरीक्षकांचा २०१४ चा अहवाल वाचताना मान खाली जाते. योजना घाईघाईत राबवली, संस्था नगरसेवकांच्या शिफारशीने निवडल्या, शहरातल्या सर्वांत हिंसक २० वस्त्यांपैकी ७ वगळल्या, खर्चाचे कागद धड नव्हते. त्या एका प्रकरणाने चांगल्या संस्थांचीही विश्वासार्हता कित्येक वर्षं मागे गेली. हिशेब कडक हवेत असं मी म्हणते ते याच कारणासाठी. कडक हवेत, पण बिल सात आठवडे अडकवून ठेवणारे नकोत.

आणि तुटलेला पैसा. मार्च २०१५ मध्ये इलिनॉय सरकारने स्लटकिन यांच्या शिकागोतल्या 'सीझफायर'चा निधी थांबवला. पुढे राज्यात दोन वर्षं अर्थसंकल्पच मंजूर झाला नाही. शिकागोत २०१६ मध्ये साडेसातशेहून अधिक खून झाले. निधी थांबल्यामुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. त्याच सुमारास एका कृष्णवर्णीय मुलाला पोलिसाने गोळ्या घातल्याचा व्हिडिओ बाहेर आला, पोलीस आणि वस्ती यांच्यातलं उरलंसुरलं नातं तुटलं, अशी आणखीही कारणं होती. पण नेमक्या त्या वर्षी मध्ये पडणारी बहुतेक माणसं रस्त्यावरून गायब होती, ही वस्तुस्थिती आहे. ती कामावरून कमी झाली, कोणी गोदामात लागलं, कोणी दुसऱ्या शहरात गेलं. ओळख आणि वचक हेच त्यांचं भांडवल असतं. नवीन माणूस नेमून तीन महिन्यांचं प्रशिक्षण दिलं म्हणून ते परत येत नाही.

२०२५ मध्ये पुन्हा तेच झालं, जास्त मोठ्या प्रमाणावर. २२ एप्रिलला न्याय विभागाने साडेतीनशेहून अधिक अनुदानं एकाच फटक्यात रद्द केली. त्यांची मूळ रक्कम ८० कोटी डॉलरच्या घरात होती. संस्थांना आलेल्या पत्रांत कारण एवढंच की ही कामं आता विभागाच्या प्राधान्यक्रमात बसत नाहीत. त्यात वस्तीतल्या हिंसा-प्रतिबंधाची अनेक अनुदानं होती. दाद मागायला तीस दिवस. गेलेल्या महिन्याचे पगार देऊन झालेले, पुढचे कुठून द्यायचे हा प्रश्न. देशभरात खून तेव्हा कमी होत होते. शिकागोत २०२१ मध्ये सुमारे ८०० खून झाले होते, २०२४ मध्ये तो आकडा ६०० च्या खाली आला होता. बाल्टिमोर २०२२ मधल्या ३३० हून अधिक खुनांवरून २०२४ मध्ये २०१ वर आलं होतं. याचं सगळं श्रेय या कार्यक्रमांना देणं चुकीचं ठरेल, कारण कार्यक्रम नसलेल्या शहरांतही घट झाली. पण उतार सुरू असताना हात काढून घ्यायचा, हा निर्णय मला तरी समजत नाही. वाईट वर्षांत निधी येतो, चांगल्या वर्षांत 'आता गरज नाही' म्हणून जातो, आणि पुढच्या वाईट वर्षी सगळं शून्यापासून उभं करावं लागतं. ओकलंडनेही हे भोगलं: कोविडनंतर त्यांची बॉस्टन-धर्तीच्या सीझफायरची शिस्त ढिली पडली आणि २०२१ पासून सलग तीन वर्षं शंभराहून अधिक खून झाले.

टिकाऊ पैसा कुठून येईल? मला दोन वाटा खऱ्या वाटतात. एक, त्यासाठीच राखून ठेवलेला स्थानिक किंवा राज्याचा कर. ओकलंडच्या मतदारांनी २००४ आणि २०१४ मध्ये मालमत्तेवर आणि पार्किंगवर असा कर स्वतः मंजूर केला. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२४ पासून बंदुका आणि काडतुसांच्या विक्रीवर ११ टक्के कर लावला असून त्यातला मोठा वाटा याच कामाला जातो. दुसरी वाट मेडिकेडची, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याची. गोळी लागून रुग्णालयात आलेल्या तरुणाच्या खाटेशेजारी त्याच दिवशी कार्यकर्ता पोचला तर बदल्याची शक्यता कमी होते. ओकलंडमध्ये १९९४ पासून हे काम चालू आहे. २०२१ मध्ये कनेक्टिकट आणि इलिनॉय या राज्यांनी या सेवेचं बिल मेडिकेडला लावता येईल असे कायदे केले. कागदपत्रं किचकट आहेत, दर कमी आहेत, पण हा पैसा दर निवडणुकीला नव्याने मागावा लागत नाही.

तुमच्या गावच्या किंवा काउंटीच्या बैठकीत हा विषय आला तर रकमेवर वाद घालू नका. संस्था रोज नेमक्या किती आणि कोणत्या माणसांबरोबर काम करते ते विचारा. शंभर नावं नसतील, फक्त 'युवकांसाठी कार्यक्रम' असेल, तर शंका घ्या. बिल किती दिवसांत चुकतं केलं जातं ते विचारा, आणि सुरुवातीला काही रक्कम आगाऊ मिळते का तेही. कार्यकर्त्याचा पगार आणि आरोग्यविमा विचारा. जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाला दुसरी नोकरी करावी लागत असेल तर तो फार दिवस टिकणार नाही. अनुदान संपल्यावर काय, हे पहिल्याच दिवशी विचारा.

आणि आणखी एक. आपल्या इथल्या मराठी मंडळांत हिशेबतपासनीस, सॉफ्टवेअरवाले, मोठ्या कंपन्यांच्या वित्त विभागात आयुष्य घालवलेली माणसं कितीतरी आहेत. वर्षाला दहा लाख डॉलर किंवा त्याहून जास्त केंद्रीय निधी खर्च करणाऱ्या संस्थेला स्वतंत्र लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. ही मर्यादा आधी साडेसात लाख होती. छोट्या संस्था या उंबरठ्यावर अडखळतात. जोडधंद्यासारखा वरवरचा हिशेब ठेवून भागत नाही, वेळेचं विभाजन, अप्रत्यक्ष (भाडं, वीज अशा सामायिक) खर्चाचा दर, खरेदीचे नियम, सगळं लिखित लागतं. महिन्यातल्या दोन संध्याकाळी कोणी त्यांच्या कार्यालयात बसून हे लावून दिलं, तर बिलं परत येणं थांबतं आणि शुक्रवारचा पगार शुक्रवारी होतो. यासाठी वस्तीत रात्री जायची गरज नाही. कोणाची तयारी असेल तर आधी संस्थेच्या संचालकांशी बोला, तुम्हाला काय येतं ते सांगा, आणि किमान एक वर्ष येणार असाल तरच हो म्हणा.